न घडलेल्या अपघाताचा हिशेब

पूल कोसळला म्हणजे त्याची बातमी होते. वेळच्या वेळी डागडुजी झाल्यामुळे जो पूल कोसळला नाही, त्याची बातमी कधीच होत नाही. नवी इमारत उभी राहिली की तिच्या कोनशिलेवर नाव कोरले जाते. जुन्या इमारतीचे गळके छप्पर पावसाळ्यापूर्वी नीट करून घेणाऱ्याचे नाव मात्र कोठेही कोरले जात नाही. सार्वजनिक खर्चाच्या विचारात देखभाल-दुरुस्तीची जी उपेक्षा होते, तिचे मूळ या साध्या विषमतेत आहे. बांधकाम डोळ्यांना दिसते. देखभालीचे फळ म्हणजे काहीतरी न घडणे, आणि जे घडलेच नाही ते दाखवावयाचे कसे, हा प्रश्न उरतो. या प्रश्नाचे उत्तर देऊ पाहणारे एक शास्त्र गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत वाढीस लागले आहे. संभाव्यतेच्या गणितावर उभारलेल्या या शास्त्राला विश्वसनीयतेचे शास्त्र म्हणता येईल. त्याची प्राथमिक सूत्रे शालान्त परीक्षेचे गणित येणाऱ्या कोणालाही समजावीत इतकी सोपी आहेत. खेद एवढाच की, ज्यांच्या सहीने देखभालीचा पैसा मंजूर वा नामंजूर होतो, त्यांच्या टेबलापर्यंत ती फारशी पोहोचलेली दिसत नाहीत.

साखळीचा न्याय

एखाद्या लहान गावाच्या नळपाणी योजनेचे उदाहरण घ्यावे. पाणी नळाला येण्यासाठी रोहित्र, पंप, मुख्य जलवाहिनी, शुद्धीकरण केंद्र आणि जलकुंभ या पाचही गोष्टी त्या दिवशी चालू असाव्या लागतात. समजा, यांतील प्रत्येक गोष्ट १०० दिवसांपैकी ९८ दिवस नीट चालते. कोणत्याही विद्यार्थ्याने ९८ टक्के गुण मिळवले तर त्याचा सत्कार होईल. परंतु येथे पाच गुणवंत एकत्र आले असूनही निकाल वेगळाच लागतो. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात जिला एकसर जोडणी म्हणतात, तशी ही रचना आहे. आणि अशा रचनेची विश्वसनीयता तिच्या भागांच्या विश्वसनीयतेचा गुणाकार करून मिळते. ०.९८ ला पाच वेळा गुणले की सुमारे ०.९०४ उरतात. म्हणजे वर्षाकाठी साधारण ३५ दिवस गावाला पाणी नाही. कोणाही एका विभागाला विचारावे, तर आमचे काम ९८ टक्के चोख, असे तो सांगेल आणि ते खरेही असेल. तरीही गृहिणीच्या घागरीचा हिशेब पाच आठवड्यांच्या कोरडेपणाचाच असतो.

भाग वाढत गेले की हा न्याय अधिक कठोर होतो. प्रत्येकी ९९ टक्के भरवशाचे १०० भाग एकसर जोडले, तर संपूर्ण यंत्रणा चालू असण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्याही किंचित खाली येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात क्षेपणास्त्रे व इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांच्या बाबतीत हा अनुभव सैनिकी अभियंत्यांना आला. सुटे भाग उत्तम, पण जोडलेले यंत्र ऐनवेळी बंद. रॉबर्ट लुसर या जर्मन अभियंत्याचे नाव या गुणाकाराच्या नियमाशी जोडले जाते. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकी मजबूत असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गणित सांगते की ती सहसा त्या कडीहूनही दुबळी असते, कारण उरलेल्या कड्याही आपापला वाटा उचलून नेतात.

राखीव व्यवस्थेचा भ्रम

या दुखण्यावरचा उपाय म्हणजे समांतर जोडणी. एक पंप बंद पडला तर दुसरा चालू करावा. प्रत्येक पंप ९८ टक्के दिवस चालतो असे धरले, तर दोन्ही पंप एकाच दिवशी बंद असण्याची शक्यता २ टक्क्यांची २ टक्के, म्हणजे १०,००० त ४. केवळ एक राखीव पंप घेतल्याने वरील गावाचे कोरडे दिवस ३५ वरून सुमारे २८ वर येतात. कागदावर हे सौदे फारच किफायतशीर दिसतात. म्हणूनच कार्यालयाच्या जनित्रापासून रुग्णालयाच्या प्राणवायूपर्यंत सर्वत्र ‘पर्यायी व्यवस्था उपलब्ध आहे’ हे वाक्य मोठ्या समाधानाने लिहिले जाते.

मात्र या गुणाकारात एक अट दडलेली आहे. दोन बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असले तरच त्यांच्या शक्यता एकमेकींशी गुणाव्यात. दोन्ही पंप एकाच रोहित्रावर असतील, एकाच जॅकवेलमधील गाळ दोघांच्याही पोटात जात असेल, किंवा दोघांचे तेल बदलण्याचे काम एकाच रिक्त पदावर अवलंबून असेल, तर ते दोन पंप नसून गणिताच्या दृष्टीने बव्हंशी एकच पंप होय.

भोपाळची दुर्घटना हे याचे सर्वांत दारुण उदाहरण आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला. त्या विषाला अडवण्यासाठी कारखान्यात एकापुढे एक अशा अनेक भिंती उभ्या होत्या. टाकी थंड ठेवणारी शीतक यंत्रणा होती, ती काही महिन्यांपूर्वीच बंद करण्यात आली होती. वायू धुऊन निष्प्रभ करणारे स्क्रबर होते, ते कार्यरत नव्हते. उरलेला वायू जाळून टाकणारा मनोरा होता, त्याच्या नळाचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. पाण्याचे फवारे होते, ते वायू निघत होता त्या उंचीपर्यंत पोहोचले नाहीत. या प्रत्येक भिंतीत दहांत एक वेळा भगदाड पडते असे धरून चौघींचा गुणाकार केला, तर उत्तर १०,००० त १ असे येईल आणि कोणीही निर्धास्त झोपेल. पण चारही भिंती स्वतंत्र नव्हत्या. काटकसरीचे एकच धोरण आणि देखभालीकडे झालेले एकच दुर्लक्ष त्या सर्वांच्या पायाशी वाळवीप्रमाणे लागलेले होते. जेथे कारण सामाईक असते, तेथे गुणाकार फसवा ठरतो.

मुंबईने १२ ऑक्टोबर २०२० रोजी याच सत्याचा सौम्य अनुभव घेतला. शहराकडे वीज आणणाऱ्या मुख्य उच्चदाब वाहिन्या त्या दिवशी एकामागून एक निरुपयोगी झाल्या, आणि बाह्य जाळ्यापासून शहर अलग करून त्याचा पुरवठा टिकवणारी, पूर्वी उपयोगी पडलेली यंत्रणाही ते संकट थोपवू शकली नाही. सकाळी दहाच्या सुमारास लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. एक वाहिनी बंद पडली की तिचा भार दुसरीवर जातो आणि दुसरीच्या बिघाडाची शक्यता त्या क्षणी वाढते. समांतर दिसणाऱ्या व्यवस्थेतही बिघाडांचे असे नाते असते.

निजलेला पहारेकरी

राखीव यंत्राचा आणखी एक दोष असतो. रोज चालणारे यंत्र बिघडले की ते लगेच कळते. जे यंत्र संकटाच्या क्षणीच चालवावयाचे, ते बिघडून पडले तरी त्याचा पत्ता संकटाच्या क्षणापर्यंत लागत नाही. आगीचा पंप, जनित्र, धोक्याची घंटा, जिन्यावरील अग्निशामक नळकांडे, ही सगळी या जातीची साधने आहेत. निजलेला पहारेकरी आणि जागा पहारेकरी अंधारात सारखेच दिसतात.

या बाबतीत संभाव्यतेचे गणित अत्यंत उपयुक्त असा सल्ला देते. एखादे राखीव जनित्र सरासरी पाच वर्षांतून एकदा बिघडते असे मानू. ते वर्षातून एकदाच चालवून पाहिले, तर कोणत्याही अवचित क्षणी ते मृतावस्थेत सापडण्याची शक्यता सरासरीने नऊ-दहा टक्के असते. तेच दरमहा चालवून पाहिले, आणि बिघाड दिसताच दुरुस्त केले, तर ही शक्यता एक टक्क्याच्याही खाली उतरते. यंत्र तेच, खर्च जवळजवळ तेवढाच. फक्त महिन्यातून एकदा दहा मिनिटे ते सुरू करून वहीत तारीख व सही टाकावयाची. नवे जनित्र विकत घेऊनही जो लाभ मिळाला नसता, तो एका शिपायाच्या दहा मिनिटांतून मिळतो. तरीही नव्या जनित्राच्या खरेदीचा प्रस्ताव मंजूर होतो आणि त्या दहा मिनिटांची जबाबदारी कोणाच्याच कामाच्या यादीत लिहिलेली नसते.

सरासरी आयुष्य म्हणजे हमी नव्हे

‘सरासरी आयुष्य १,००० तास’ असे एखाद्या वस्तूवर छापलेले असते, तेव्हा ती १,००० तास टिकेलच असा समज होतो. ज्या वस्तूंचे बिघाड वयाशी निगडित नसून केवळ आकस्मिक असतात, त्यांच्या बाबतीत १,००० तासांपर्यंत टिकणाऱ्या वस्तू १०० त ३७ च असतात. उरलेल्या ६३ त्याआधीच निकामी होतात. काही थोड्या वस्तू फार दीर्घकाळ टिकतात आणि सरासरी वर ओढतात. सरासरी ही समूहाची असते, व्यक्तीची नसते, हे मासिक उत्पन्नाच्या सरासरीने एकदा तरी फसलेल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावयास नको.

बिघाडाचे प्रमाण वयानुसार कसे बदलते, हा यापुढचा प्रश्न. त्याचा आलेख पुष्कळदा न्हाणीतील टबाच्या उभ्या छेदासारखा दिसतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. सुरुवातीला उतरता, कारण नव्या वस्तूत घडणीचे दोष असतात. मध्ये सपाट, कारण तेथे केवळ आकस्मिक बिघाड होतात. आणि शेवटी चढता, कारण झीज सुरू होते. स्वीडनचे वालोदी वाइबुल यांनी १९५१ मध्ये मांडलेले संभाव्यता-वितरण या तिन्ही अवस्थांचे वर्णन एका सूत्रात करू शकते, आणि म्हणूनच ते अभियंत्यांच्या नित्य वापरात आहे.

‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण येथे उलटी लागू पडते. नवेपणाचे दिवस निर्धोक नसतात. दुरुस्तीनंतरचे पहिले दिवसही नसतात. गुजरातमधील मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ रोजी पुन्हा खुला झाला आणि चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, कोसळला. १३५ माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत मुख्य केबलच्या ४९ तारांपैकी २२ तारा गंजलेल्या आढळल्या. म्हणजे त्या एका पुलावर आलेखाची दोन्ही टोके एकत्र आली होती: केबलचे वार्धक्य आणि दुरुस्तीचे बाल्य. रंगरंगोटी झाली म्हणजे दुरुस्ती झाली, या समजाची किंमत अशी द्यावी लागली.

अधिक देखभाल म्हणजे नेहमीच चांगली देखभाल, असेही म्हणता येत नाही. अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्समधील नोलन व हीप या दोघांनी १९७८ मध्ये विमानांच्या भागांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष तेव्हाच्या समजुतीला धक्का देणारा होता. त्यांनी तपासलेल्या भागांपैकी ८९ टक्के भागांत वयानुसार झिजण्याची स्पष्ट अवस्था आढळली नाही, आणि ६८ टक्के भागांत बिघाडाचे प्रमाण प्रारंभीच सर्वाधिक होते. असे भाग ठरावीक तासांनी उघडून बदलल्यास लाभाऐवजी तोटाच संभवतो, कारण प्रत्येक बदल नवे बाल्य घेऊन येतो. पुलाच्या तारा, बसचे टायर, नदीपात्रातील खांबांचा पाया यांची गोष्ट निराळी. ते झिजतात व खचतात, आणि त्यांना वयाची मर्यादा घालणे शहाणपणाचे असते. म्हणून कोणती वस्तू ठरावीक काळाने बदलावी, कोणती केवळ तपासत राहावी आणि कोणती बिघडेपर्यंत चालवावी, हा निर्णय नोंदींवरून व्हावयास हवा. सरसकट दोन वर्षांनी रंग आणि पाच वर्षांनी डांबर, हे वेळापत्रक ठेकेदाराच्या सोयीचे असेल. ते शास्त्राचे आहे असे समजू नये.

कपाटातील सुटा भाग

विश्वसनीयतेच्या शास्त्रातील आणखी एक सूत्र कार्यालयीन कामकाजावर थेट प्रकाश टाकते. यंत्र एकूण काळाच्या किती भागात उपलब्ध राहते, हे दोन आकड्यांवर ठरते: दोन बिघाडांमधील सरासरी काळ आणि दुरुस्तीला लागणारा सरासरी काळ. एक पंप सरासरी ६० दिवस चालतो आणि मग बिघडतो, असे समजा. त्याचा सुटा भाग मागवण्यासाठी अंदाजपत्रक, दरपत्रके, मंजुरी व पुरवठा या मार्गाने १० दिवस लागत असतील, तर त्याची उपलब्धता ७० पैकी ६० दिवस, म्हणजे सुमारे ८६ टक्के होते. आता दुप्पट टिकाऊ असा महागडा पंप बसवला आणि कागदपत्रांचा प्रवास तसाच ठेवला, तर १३० पैकी १२० दिवस, म्हणजे ९२ टक्के. उलट जुनाच पंप ठेवून तो सुटा भाग आधीच कपाटात आणून ठेवला, जेणेकरून दुरुस्ती एका दिवसात होईल, तर ६१ पैकी ६० दिवस, म्हणजे ९८ टक्के.

हा हिशेब सरकारी कार्यालयातील प्रत्येक लिपिकाने एकदा तरी करून पाहावा असा आहे. एका नस्तीचा टेबलावरचा मुक्काम नऊ दिवसांनी कमी करणे हे दुप्पट टिकाऊ यंत्राहून अधिक मोलाचे ठरू शकते. नागरिकाच्या दृष्टीने पंपाचा गंज आणि मंजुरीचा विलंब यांत फरक नाही. दोहोंमुळे नळ सारखाच कोरडा राहतो. तेव्हा यंत्रणेची विश्वसनीयता अभियंत्याच्या हाती असते हे अर्धेच सत्य होय. उरलेले अर्धे कार्यालयातल्या कपाटात आणि खर्चाच्या अधिकाराच्या मर्यादेत असते.

तीन वर्षांची पैज

इतके सोपे गणित असूनही देखभाल का होत नाही, याचे कारण मूर्खपणात शोधणे बरोबर होणार नाही. ते अर्थशास्त्रात सापडते. देखभाल टाळल्यामुळे एखाद्या पुलाच्या दुर्घटनेची शक्यता वर्षाला २ टक्के होते, असे मानू. त्या पुलाचा प्रभारी अधिकारी तीन वर्षांसाठी आलेला आहे. त्याच्या कारकिर्दीत काहीही न घडण्याची शक्यता ९४ टक्के आहे. देखभालीचे पैसे त्याने एखाद्या नव्या, उद्घाटनयोग्य कामाकडे वळवले, तर १०० पैकी ९४ वेळा तो कार्यक्षम म्हणून वाखाणला जाईल आणि बढती घेऊन पुढे जाईल. व्यक्तिशः पाहता त्याची पैज जिंकणारी आहे.

पण असे १०० पूल आणि असे १०० अधिकारी एकत्र धरले की चित्र पालटते. एका वर्षात शंभरातील एकही पूल न कोसळण्याची शक्यता केवळ १३ टक्के उरते. तीन वर्षांत साधारण सहा दुर्घटना अपेक्षित ठरतात. जे एकेकट्याला असंभाव्य वाटते, तेच समाजाच्या पातळीवर जवळजवळ निश्चित असते. दुर्घटना झाली की ज्याच्या खुर्चीखाली ती झाली त्याला निलंबित केले जाते. त्याच पुलावर त्याच्या आधी तीच पैज लावून जिंकलेले पाच जण तोवर वरच्या पदांवर बसलेले असतात. अशा शिक्षेने पुढच्या पैजा थांबत नाहीत. वरातीमागून घोडे नाचवण्याचाच तो प्रकार ठरतो.

सत्तेच्या वरच्या पायरीवर जोखीम लहान दिसू लागते, याची प्रसिद्ध साक्ष अमेरिकेत मिळाली. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर अवघ्या ७३ सेकंदांत नष्ट झाले. चौकशी आयोगाचे सदस्य, पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांना असे आढळले की, यान गमावण्याची शक्यता व्यवस्थापक लाखात एक मानीत होते, तर प्रत्यक्ष काम करणारे अभियंते ती शंभरात एकच्या आसपास सांगत होते. लाखात एक म्हणजे रोज एक यान सोडले तरी सरासरी २७४ वर्षांनी एक अपघात. या यानमालिकेची २०११ मध्ये अखेर झाली तेव्हा १३५ उड्डाणांत दोन याने नष्ट झालेली होती. कोणाचा अंदाज वास्तवाजवळ होता, हे त्यावरून उघड होते.

‘योग्य’ या शेऱ्याचा अर्थ

महाराष्ट्रात २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या व अन्य वाहने नदीत गेली. त्या पुलाची तपासणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती आणि वाहतुकीला धोका नसल्याचा निर्वाळा देण्यात आला होता. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळून सात जण दगावले. त्या पुलाचेही स्ट्रक्चरल ऑडिट होऊन तो किरकोळ दुरुस्तीसह वापरास योग्य ठरवला गेला होता.

तपासणाऱ्यांच्या वैयक्तिक दोषाचा निवाडा न्यायालयांनी करावा. परंतु तपासणीच्या पद्धतीतच जो दोष आहे, त्याचा विचार सार्वजनिक चर्चेत व्हावयास हवा. ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ या दोनच पेट्या ठेवल्या की संभाव्यतेला तेथे जागाच उरत नाही. नव्वद वर्षांचा दगडी पूल मे महिन्याच्या कोरड्या पात्रावर उभा असताना योग्य असेल. ऑगस्टच्या महापुरात पायाखालची माती खरवडली जात असताना त्याची शक्यता वेगळी असते. अहवालाने एवढे तरी सांगावे की, कोणता भाग पाहता आला आणि कोणता पाहता आला नाही. किती भार व किती पूर गृहीत धरला. आणि पुढील पावसाळ्यात धोका किती पटींनी वाढू शकतो. वेधशाळा पावसाची शक्यता सांगते आणि शेतकरी त्यावरून पेरणीचा निर्णय घेतो. मग पुलाच्या अहवालात शक्यता लिहिली तर अधिकाऱ्यांना ती समजणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. खरी अडचण अशी की, ‘योग्य’ या शेऱ्याने जबाबदारी संपते आणि टक्केवारी लिहिली की जबाबदारी सुरू होते.

अर्थसंकल्पातील सावत्र अपत्य

या उपेक्षेला शासकीय हिशेबपद्धतीनेही हातभार लावला आहे. अनेक दशके सरकारी खर्चाची विभागणी योजनांतर्गत व योजनेतर अशी होत असे. नवे धरण, नवा रस्ता, नवी शाळा हे योजनेत. झालेल्या कामाची देखभाल योजनेबाहेर. योजनेतर खर्च म्हणजे अनुत्पादक खर्च, अशी एक समजूत त्यातून रूढ झाली आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम तिच्यावर पडू लागली. २०१७-१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पापासून ही विभागणी रद्द झाली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु महसुली व भांडवली खर्च हा भेद कायम आहे आणि देखभाल बव्हंशी महसुली खर्चात मोडते. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्वाच्या मूळ केंद्रीय कायद्यात महसुली तूट संपवण्याचे लक्ष्य होते. २०१८ मधील दुरुस्तीने केंद्राने ते वगळले. ज्या खर्चाची तूट लज्जास्पद मानली गेली, त्यात वेतन, व्याज व निवृत्तिवेतन यांना हात लावता येत नाही. हात लावता येतो तो देखभालीला. पूल बांधण्यासाठी कर्ज काढणे हा विकास ठरतो आणि तो टिकवण्यासाठी खर्च करणे ही उधळपट्टी ठरते. झीज हिशेबात धरली नाही, तर कोणत्याही दुकानदाराचा ताळेबंद खोटा ठरेल. सार्वजनिक मालमत्तेच्या बाबतीत मात्र तो खोटेपणा शिष्टसंमत आहे.

यावर उपाय करण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. बाराव्या वित्त आयोगाने रस्ते व पूल यांच्या देखभालीसाठी राज्यांना १५,००० कोटी रुपयांचे स्वतंत्र अनुदान सुचवले होते आणि राज्यांनी आपला नेहमीचा खर्च कमी करू नये, अशी अट त्याला जोडली होती. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्ता बांधणाऱ्यावरच पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी टाकण्यात आली. या दोन्ही कल्पनांमागचे तत्त्व योग्य आहे: देखभालीचा पैसा इतर कामांकडे वळवता येऊ नये, आणि वस्तू घडवताना तिच्या आयुष्याचा खर्चही त्याच वेळी मान्य व्हावा.

गरिबाची गरज

गरीब देशाला ही चैन कशी परवडणार, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. शाळांना खोल्या कमी, गावांना रस्ते कमी. अशा स्थितीत असलेल्या वस्तूंवर खर्च करावा की नसलेल्या वस्तू आणाव्यात, हा प्रश्न खोटा नाही. सगळे काही दुरुस्त करावयाचे म्हटले तर पैसा पुरणार नाही, हेही खरे. परंतु पैसा अपुरा असतो तेव्हाच तो कोठे खर्च केल्यास धोका सर्वांत अधिक घटेल, हे जाणण्याची गरज तीव्र होते. श्रीमंताला अंदाजाने खर्च करणे परवडते. गरिबाने मोजूनच खर्च करावा लागतो. दरमहा दहा मिनिटांची चाचणी आणि कपाटातील सुटा भाग या दोन्ही उदाहरणांत स्वस्त उपायाने महागड्या उपायावर मात केलेली दिसते. शिवाय कोसळलेल्या पुलाचा खर्च टळत नाही. तो फक्त अर्थसंकल्पाच्या मथळ्यातून निघून मृतांच्या कुटुंबांच्या माथी जातो.

दुसरा आक्षेप आकड्यांविषयीचा. शक्यता काढावयाच्या तर बिघाडांच्या नोंदी हव्यात, आणि त्या तर नाहीत, असे म्हटले जाते. हा आक्षेप रास्त आहे, पण त्याचे निवारण अत्यंत स्वस्त आहे. प्रत्येक शाळेत, महाविद्यालयात व कार्यालयात जडवस्तू संग्रह नोंदवही असते. वस्तू केव्हा घेतली, किती रुपयांना घेतली आणि केव्हा निर्लेखित केली, हे तिच्यात असते. तिच्या जन्म-मृत्यूमधील आजारांची नोंद मात्र नसते. बिघाडाची तारीख, कारण, दुरुस्तीला लागलेले दिवस आणि शेवटच्या चाचणीची तारीख असे चार रकाने त्या वहीत वाढवले, तर दोन-तीन वर्षांत प्रत्येक संस्थेला स्वतःच्या यंत्रणेचे गणित स्वतःच मांडता येईल. संख्याशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना पुस्तकातील फासे व पत्ते यांच्याऐवजी आपल्याच वसतिगृहाच्या पंपाचे आकडे मिळाले, तर तो विषयही सजीव होईल.

शासनाच्या पातळीवर याच्या जोडीला तीन गोष्टी आवश्यक आहेत. प्रत्येक मोठ्या सार्वजनिक मालमत्तेबरोबर तिच्या देखभालीचा वार्षिक निधी मंजूर व्हावा आणि तो अन्यत्र वळवण्यास बंदी असावी. तपासणीचे अहवाल, त्यांतील गृहीतांसह, लोकांना वाचावयास मिळावेत. आणि अधिकाऱ्याचे मूल्यमापन करताना त्याने काय बांधले याबरोबरच, त्याच्याकडे आलेली मालमत्ता त्याने पुढच्याच्या हाती कोणत्या अवस्थेत दिली, हेही पाहिले जावे. तीन वर्षांची पैज लावणाऱ्याला सहा टक्क्यांची भीती घालून ती थांबणार नाही. उरलेल्या ९४ टक्क्यांतही जेव्हा त्याला टाळलेल्या देखभालीचा जाब द्यावा लागेल, तेव्हाच ती थांबेल.

संभाव्यतेचे शास्त्र अपघात पूर्णपणे टाळण्याचे वचन देत नाही. शून्य धोका असे काही त्याच्या शब्दकोशात नाही. पण अपघातानंतर ‘दैवाचा घाला’ हा जो शब्दप्रयोग सर्रास केला जातो, त्याचा अधिकार ते मर्यादित करते. शंभर पुलांमधून नेमका कोणता पूल कोसळेल, हे दैव ठरवीत असेल. शंभरांत किती कोसळतील, हे मात्र देखभालीच्या मंजुरीवर आदल्या वर्षी मारलेल्या शेऱ्यांनीच ठरलेले असते.